आप्पांच्या मेमरी कार्डातली गाणी

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी, आणि ऐकून झाल्यावर गायकांची नावं शोधत बसणाऱ्यांसाठी. बोलण्याची भाषा फारशी बदललेली नाही.)

बसमध्ये असाल, स्वयंपाक करत असाल, रात्री झोप येत नसेल म्हणून हे लावलं असेल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय तसा साधा आहे. शास्त्रीय सोडून तुम्ही काय ऐकता? पण या साध्या प्रश्नाने मला रात्री दोन वाजता मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्यांमध्ये नेऊन उभं केलं. आणि माझ्या हातून झालेली एक मोठी चूक मला तिथे कळली. तीच सांगते.

तर झालं असं. गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही सहाजण सवाईला गेलो होतो. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, सवाई म्हणजे सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला. पूर्वी रमणबागेत व्हायचा, आता काही वर्षं मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. मध्यंतरात आम्ही खाण्याच्या स्टॉलपाशी उभे होतो आणि कुणीतरी विचारलं, "ए, पण शास्त्रीय सोडून सध्या काय ऐकताय?"

मग काय, प्रत्येकाने आपापला फोन काढला. एकजण म्हणाला अजय-अतुल, पण 'सैराट' नाही, 'जोगवा'. एकीने 'तांबडी चामडी' लावलं. क्रेटेक्स आणि श्रेयसचं, २०२४ मध्ये आलेलं. मराठी शब्द आणि खाली हाउस म्युझिकचा ठेका. एकजण इलैयाराजांच्या जुन्या तमिळ गाण्यांत बुडालेला. माझी पाळी आली. मी म्हणाले, "नुसरत." खरं सांगायचं तर मी तेव्हा महिनाभर नुसरतचं काहीही ऐकलं नव्हतं. पण सवाईच्या मध्यंतरात उभं राहून बोलायला ते नाव बरं वाटतं ना!

आणि मग एकाने सहज विचारलं, "तुझ्या घरी काय लागतं गं?"

मला उत्तर देता आलं नाही. आठवेना म्हणून नाही. मला माहीतच नव्हतं. मी आठ वर्षं गाणं शिकलेय, ख्याल, तराणा, ठुमरी, सगळ्यावर मला मतं आहेत. आणि माझे आप्पा, जे त्या वेळी मुकुंदनगरपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, मार्केट यार्डात रात्रीच्या कामाला निघाले असतील, ते इतकी वर्षं कानात काय घालून फिरतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आप्पा हमाल आहेत. कांदा-बटाटा विभागात. वेल्ह्याकडून तरुणपणी पुण्यात आले, तेव्हापासून तिथेच. माझ्या गाण्याच्या क्लासची फी त्या पाठीवरूनच आलेली आहे. हे मी कुणाला रडवायला सांगत नाहीये, पुढचं कळायला लागतं म्हणून सांगतेय.

घरी आले आणि सकाळी विचारलं, "आप्पा, तुम्ही काय ऐकता हो?"

ते म्हणाले, "आता तू भरून दिलंयस तेच की."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी होतं आपल्या मंडळींचं."

एवढंच बोलून ते आंघोळीला गेले. आणि मला घाम फुटला. कारण मला दिवाळी आठवली.

दिवाळीत मी आप्पांना नवा फोन घेतला होता. पहिला टचस्क्रीन. त्यांच्या जुन्या, बटणांच्या फोनमध्ये एक मेमरी कार्ड होतं, आठ जीबीचं. ते मी नव्या फोनमध्ये घातलं. फोनने विचारलं, हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का? मी 'हो' दाबलं. विचार केला नाही, एक सेकंदही नाही. जसं आपण कुकीजना 'ॲक्सेप्ट' दाबतो ना, तसं. आणि मग त्या कोऱ्या कार्डावर मी प्रेमाने चांगली गाणी भरली. 'चांगली' म्हणजे माझी. किशोरीताई, कुमारजी, मालिनीबाई. आप्पांनी चार दिवस ऐकलं. "छान हाय," म्हणाले. मग कानातलं लावणं बंद केलं. मला वाटलं, नवा फोन जमत नसेल.

इथे थांबून एक कामाची गोष्ट सांगते. कार्ड फॉरमॅट झालं तर सगळं संपत नाही. फॉरमॅट करताना बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, आतल्या फाइली जागेवर असू शकतात. लगेच कार्ड बाहेर काढलं, त्यावर नवीन काही टाकलं नाही, तर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बरंच काही परत मिळू शकतं. पण त्यावर नवीन भरलं, की जुनं दडपलं जातं. मी काय केलं होतं? गच्च भरलं होतं. मोबाईल दुरुस्तीवाल्या दादाने कार्ड लावून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच वरून माती लोटलीय."

मी म्हटलं, हरकत नाही, सगळं यूट्यूबवर असतंच. आप्पांसमोर बसले, फोन घेऊन. "सांगा, कुठलं गाणं?" तर ते म्हणाले, "त्या मुकादमाने दिलेलं." "बरं, पुढचं?" "टेम्पोवाल्या पोराचं." "त्याचे शब्द काय?" "शब्द काय मला पाठ हाय व्हय? लागलं की कळतं."

आप्पांच्या कार्डावर गाण्यांना नावंच नव्हती, ट्रॅक एक, ट्रॅक दोन अशीच होती. पण प्रत्येक गाणं कुणी दिलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता सर्चच्या चौकोनात मी काय टाइप करणार? 'मुकादमाने दिलेलं गाणं'?

म्हणून मी ठरवलं, देणाऱ्यांकडेच जायचं.

मार्केट यार्डाला भाजीपाल्याची सुट्टी शनिवारी असते. त्यामुळे शनिवारी रात्री गाड्या यायला लागतात आणि रविवारी पहाटे आवक सगळ्यात जास्त. तुम्ही पुण्यात राहता आणि रविवारी पहाटे गुलटेकडीला कधी गेला नसाल, तर एकदा जाच. शहर झोपलेलं असतं आणि इथे दिवसाढवळ्यासारखा उजेड. ट्रक मागे घेणाऱ्यांच्या आरोळ्या, हातगाड्यांचा खडखडाट, कोथिंबिरीचा वास आणि त्याच्या खाली कांद्याचा उग्र वास. हमालांची टोळी असते, एक गाडी एक टोळी खाली करते. हातात लोखंडी आकडा, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, आणि पाठीवर पन्नास किलोची गोणी. आणि या सगळ्यात गाणी. ट्रकच्या केबिनमध्ये वेगळं, चहाच्या टपरीवर वेगळं, कुणाच्या खिशात वेगळं.

मी आप्पांच्या मागे मागे, वही आणि फोन घेऊन.

पहिले मुकादम काका. मी म्हटलं, "काका, तुम्ही आप्पांना कुठलं गाणं दिलं होतं?" ते आधी हसले, मग म्हणाले, "एक का दिलंय? आमच्याकडं प्रल्हाद शिंद्यांचं दुकानच हाय!"

प्रल्हाद शिंदे. विठ्ठलाची गाणी, कव्वाली, भीमगीतं, लोकगीतं, या माणसाने काय गायलं नाही ते विचारा. आणि त्यांच्या घरात हे चालूच राहिलं. मुलं आनंद आणि मिलिंद शिंदे. आनंद शिंद्यांचं ते पोपटाचं गाणं ऐंशीच्या दशकात कॅसेटवर आलं आणि लग्नाच्या मांडवांतून हटलंच नाही. नातू आदर्श शिंदे, त्याला तुम्ही सगळे ओळखता. तीन पिढ्या. आपण ख्यालाच्या घराण्यांबद्दल किती आदराने बोलतो, हे घराणं नाही तर काय आहे? पण मला आठ वर्षांत कुठल्या वर्गात हे नाव ऐकू आलं नव्हतं.

काकांनी एक गंमत सांगितली. ते आणि माझे आप्पा वेगळ्या गावचे, वेगळ्या समाजाचे. काकांच्या घरी प्रल्हाद शिंदे भीमगीतांसाठी लागायचे, आमच्या गावाकडे विठ्ठलासाठी. तरुणपणी गोण्यांवर बसून दोघांचा वाद व्हायचा, की हा गायक नक्की कुणाचा? शेवटी काकांनी आप्पांना भीमगीतांची कॅसेट दिली आणि आप्पांनी काकांना विठ्ठलाची. "तेव्हा वाद मिटला," काका म्हणाले. "आवाज एकच, मग भांडायचं कशाला?"

त्याच काकांनी मला वामनदादा कर्डकांचं नाव सांगितलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा कवी. मोठेपणी अक्षरं शिकला आणि आयुष्यभर गाणी लिहीत, गात गावोगाव फिरला. आज भीमजयंतीला जी गाणी वाजतात, त्यांतली किती याची आहेत, हे नाचणाऱ्यालाही माहीत नसतं. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघंही २००४ मध्येच गेले, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने. आणि ही परंपरा थांबली नाही. औरंगाबादकडच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात. स्टुडिओ नाही, वाद्यवृंद नाही. लोकांनी फोनवर व्हिडिओ काढले आणि ते एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जात राहिले. त्यांचा एक व्हिडिओ काकांनी मला तिथेच दाखवला. मी सूर लावायला शिकलेली मुलगी आहे, म्हणून जबाबदारीने सांगते: तो आवाज कुठेही शिकून येत नाही.

दुसरे भेटले जुन्नरकडून टोमॅटो घेऊन आलेले ट्रकवाले मामा. त्यांच्याकडून आप्पांनी लावण्या घेतल्या होत्या. जुन्नरकडचा माणूस म्हटल्यावर गाडी नारायणगावावर येणारच. तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशा मंडळांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच आपल्या जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर तिथल्या. मामा म्हणाले, त्यांच्याकडे तमाशाच्या वगांच्या कॅसेट होत्या. अख्खा वग, तीन-तीन कॅसेटचा. रात्रीच्या प्रवासात झोप येऊ नये म्हणून लावायचे. "गाणं संपलं की झोप येती. पण वगात पुढं काय झालं म्हणून माणूस जागा ऱ्हातो." म्हणजे बघा, आज आपण लांबच्या प्रवासात पॉडकास्ट लावतो, मामा वग लावायचे. मला एकदम ते आपले सहकारी वाटायला लागले.

मामांच्या आवडत्या मात्र सुलोचना चव्हाण. आणि हे मला माहीतच नव्हतं: सुलोचनाबाई तमाशातल्या नव्हत्या. मुंबईत गिरगावात वाढल्या, आधी सुलोचना कदम या नावाने हिंदी सिनेमात गायच्या. लावणी त्यांच्याकडे नंतर आली. कार्यक्रमात डोक्यावरून पदर घेऊन उभ्या राहायच्या आणि नुसत्या आवाजात सगळी लावणी उभी करायच्या. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या गेल्या. मामांच्या केबिनमध्ये बसून मी त्यांची लावणी पहिल्यांदा नीट, म्हणजे गाणं म्हणून ऐकली. ज्या ठसक्याने त्या शब्द फेकतात आणि तरी सुरात असतात, तो रियाज मला अजून जमलेला नाही.

मग आलं सगळ्यात अवघड गाणं. आप्पा म्हणाले होते, "एक बाईचं होतं. भाषा कळत नाही. पण ऐकलं की आईची आठवण यायची." आता हे कसं शोधायचं? टोळीतला एक बिहारचा दादा चहा पीत होता. आप्पांनी त्याच्याकडे बोट केलं. "ह्यानं दिलं होतं."

त्याने लगेच फोन काढून लावलं. शारदा सिन्हा. छठपूजेचं गाणं. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी बिहारी माणूस जिथे असेल तिथे पाण्याच्या काठी उभा राहतो, सूर्याला अर्घ्य देतो, आणि तिथे शारदाजींचा आवाज असतोच. त्या २०२४ मध्ये, ५ नोव्हेंबरला गेल्या. त्या वर्षी छठचा पहिला दिवस नेमका तोच होता. दादा म्हणाला, त्या वर्षी सुट्टी मिळाली नाही म्हणून तो गावी गेला नव्हता. बातमी इथेच कळली, गाडी खाली करताना. त्याला एकट्याला बसलेला बघून आप्पांनी विचारलं, काय झालं? त्याने सांगण्याऐवजी गाणं ऐकवलं. आप्पा म्हणाले, मलाही दे.

मी आप्पांकडे पाहिलं. घरी आम्ही एकमेकांशी किती बोलतो? जेवलास का, जेवले, दार लावून घे. आणि हा माणूस इथे भाषा न कळणाऱ्या गाण्यावरून दुसऱ्याचं दुःख समजून घेत होता.

टेम्पोवरचा पोरगा शेवटी भेटला. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याने आप्पांना एमसी स्टॅन दिला होता! माझा विश्वास बसेना. ताडीवाला रोडचा पोरगा, २०२३ मध्ये बिग बॉस जिंकलेला, तो आप्पांच्या कार्डात? पोरगा म्हणाला, "ताई, काकांना पहिला तो शिव्या देतो म्हणून आवडला नाही. मग मी सांगितलं की हा लहानपणी कव्वाली गायचा. मग म्हणाले, असं व्हय, लाव परत." कव्वालीवरून आप्पा रॅपपर्यंत पोचले. प्रल्हाद शिंदे ते एमसी स्टॅन, मध्ये एक टेम्पो. कुठल्या ॲपला हा रस्ता सापडला असता?

आता मी जे बोलतेय त्याला जरा जागा द्या. ॲप वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः दिवसभर ऐकते, तुम्हीही आत्ता मला ॲपवरच ऐकताय. पण ॲप काय करतं? तुम्ही आधी काय ऐकलं ते बघतं आणि त्याच्याशी जुळणारं पुढे ठेवतं. म्हणजे तुम्हाला तुमच्यासारखंच मिळत राहतं. आप्पांना मात्र त्यांच्यासारखं नसलेलं मिळत होतं, कारण ते गाणी माणसांकडून घेत होते.

आणि ही देवाणघेवाण काही फार जुनी गोष्ट नाही. कॅसेट होत्या, त्या उसन्या दिल्या जायच्या आणि परत यायच्या नाहीत. मग एमपीथ्रीच्या सीडी आल्या, एका सीडीत शंभर-दीडशे गाणी. मग मेमरी कार्ड. टपरीवर पन्नास रुपयांत गाणी भरून मिळायची. मग ब्लूटूथ, दोन फोन एकमेकांना चिकटवून ठेवायचे आणि एक गाणं जायला दोन मिनिटं लागायची. त्या दोन मिनिटांत दोन माणसं समोरासमोर बसायची. मग शेअरइट. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि फाइल द्यायची गरजच उरली नाही. २०२० च्या जूनमध्ये सरकारने एकोणसाठ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत शेअरइटही गेलं. तोवर आपल्याला त्याची आठवणही राहिली नव्हती. आता आपण लिंक पाठवतो. लिंक पाठवली की दोन निळ्या टिका येतात, आणि समोरच्याने ऐकलं की नाही हे आपण विचारतही नाही.

सगळं गाणं फायलीतच असतं असंही नाही. पहाट झाल्यावर कांदा निवडणाऱ्या बायका आल्या. त्यांतल्या एका मावशींना विचारलं, तुम्ही काय ऐकता? त्या म्हणाल्या, "आम्ही कुठलं ऐकतोय गं, आमच्या आया जात्यावर गायच्या, तेवढं कानात हाय." मी म्हटलं, म्हणून दाखवा ना. त्या लाजल्या. "जातं न्हाई तर ओवी कशी यायची?"

मंडळी, हे वाक्य ऐकून मला पुण्यातल्याच एका कामाची आठवण झाली. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, ओव्या विसरल्या जात होत्या, त्या काळात. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात, वाचता येतात, गाणाऱ्या बाईच्या नावासकट. म्हणजे तिथेही तेच, गाणं कुणाचं हे लिहून ठेवलेलं. कुणीतरी दारात जाऊन विचारलं म्हणून ते उरलं. मी मावशींना त्या ओव्या फोनवर लावून दिल्या. त्यांनी दोन ऐकल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडं ही अशी न्हाई म्हणत." आणि मग जात्याशिवाय, कांदा निवडता निवडता, त्यांनी त्यांची म्हणून दाखवली. मी रेकॉर्ड करू का म्हणून विचारलं. 'नको' म्हणाल्या. म्हणून ती इथे नाही.

आता शेवटचं गाणं. हेच खरं सांगायचंय.

आप्पांच्या टोळीत एक काका होते. तीन वर्षांपूर्वी गेले. ते भारूड गायचे. एकनाथांचं विंचवाचं भारूड तुम्ही ऐकलं असेल, पण हे काका त्यात मार्केट यार्ड घालायचे. त्यांचा विंचू कांद्याच्या गोणीतून निघायचा, मग मुकादमाला चावायचा, मग आडत्याला, मग वजनकाट्याला. कुणाचं वजन किती हलकं, हे तो विंचू सांगायचा. लोक हसून लोळायचे, आडतेसुद्धा. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते गात असताना आप्पांनी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. सहा-सात मिनिटं. मागे गाड्यांचे हॉर्न वगैरे. ते काका गेल्यावर आप्पा अधूनमधून ते लावायचे.

ते त्या कार्डावर होतं. फक्त त्या कार्डावर.

मी सगळ्यांना विचारलं. कुणाकडेच नव्हतं. "तुझ्या आप्पाकडं हाय म्हणून आम्ही घेतलं न्हाय," असं तिघांनी सांगितलं. प्रल्हाद शिंदे परत मिळाले, सुलोचनाबाई मिळाल्या, शारदाजी मिळाल्या. हे मिळालं नाही, मिळणारही नाही. मी आप्पांना म्हटलं, "माझी चूक झाली." ते म्हणाले, "राहू दे." हे 'राहू दे' फार वाईट असतं, तुम्हाला माहीत आहे.

सकाळी सातच्या सुमाराला गाड्या ओसरल्या. 'कष्टाची भाकर'मधून झुणका-भाकर आली. हे माहीत नसलेल्यांसाठी: बाबा आढावांनी १९५० च्या दशकात उभी केलेली हमाल पंचायत १९७४ पासून ही स्वस्त जेवणाची केंद्रं चालवते. तर सगळे गोण्यांवर बसून खात होते. मुकादम काका अचानक म्हणाले, "पोरी, लाव तुझं मशीन. आम्हाला येतं की ते भारूड."

मी रेकॉर्डर लावला. काकांनी सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि दुसरे एकजण म्हणाले, "चुकतोयस. गोणी चाकणची व्हती." "न्हाय, नगरची." "आरं, चाकणचीच, नगरचा कांदा तो कशाला घालील? तो स्वतः चाकणकडचा!" मग विंचू आधी मुकादमाला चावला की आधी आडत्याला, यावर पाच मिनिटं. मग बिहारी दादाने विचारलं, की विंचू हमालाला का चावत नाही? सगळे गप्प. मग आप्पा म्हणाले, "चावला होता. पण हमालाची पाठ इतकी घट्ट, की नांगीच मोडली. तो असंच म्हणायचा." आणि आप्पांनी ते गाऊन दाखवलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना गाताना ऐकलं. सूर थोडा खाली सरकतो त्यांचा. ठेका पक्का आहे.

ते रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं आहे. त्यात गाणं कमी आणि भांडण जास्त आहे. मूळ भारूड त्यात नाही, त्या काकांचा आवाज तर नाहीच. पण आता ते एका कार्डावर नाही, नऊ फोनवर आहे, आणि मी दोन ठिकाणी वेगळं ठेवलंय. या वेळी प्रत्येक फाइलला नाव दिलंय. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, आणि तिसरं, कुणी दिलं त्याचं नाव. एकूण एकतीस गाणी झाली. आप्पा म्हणतात, आधी दोनशे तरी होती. बाकीचे देणारे कोण, ते आठवून आम्ही दर रविवारी एकेकाला गाठतोय.

आणि हो, कार्डावरची माझी गाणी मी काढणार होते. आप्पा म्हणाले, "ते अभंगाचं ठेव." मी भीमसेनजींचा एक अभंगही भरला होता. मी विचारलं, आवडला का? तर म्हणाले, "तो माझ्याकडं आधीपासून होता. फुलबाजारातल्या माळकऱ्याने दिला होता." म्हणजे ज्यांच्या नावाच्या महोत्सवात मी आप्पांचं गाणं सांगायला लाजले, ते आप्पांच्या कार्डावर माझ्या आधीच पोचलेले होते. तिथे त्यांना कुणी शास्त्रीय, अशास्त्रीय असं विचारलं नव्हतं.

तर मंडळी, या आठवड्यात एक करा. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला विचारा, की तुम्ही काय ऐकता आणि ते तुम्हाला कुणी दिलं? दुसरा प्रश्न विसरू नका, गोष्ट त्यातच असते. जुना फोन, जुनं कार्ड सापडलं तर आधी कॉम्प्युटरवर कॉपी करा, मग काय ते करा. आणि फोनने काही विचारलं, तर 'हो' दाबायच्या आधी ज्याचा फोन आहे त्याला हाक मारा.

पुढच्या वर्षी सवाईच्या मध्यंतरात कुणी मला विचारलं, शास्त्रीय सोडून काय ऐकतेस, तर माझं उत्तर तयार आहे. 'चाकणची की नगरची', अकरा मिनिटं, आप्पांनी दिलेलं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.